भगताचा पाय

आबा : हात लावू नको पोर, अंगले हयद शे. आते हाई देवनं अंग शे.

सारिका : हळद असू द्या. तो डावा पाय पुढे करा, आबा. आत्ता अंगणातून येताना तुमची चप्पल निसटली. तापलेल्या फरशीवरून तसेच आत आलात. कळलं तरी का तुम्हाला?

आबा : कळनं ना.

धुरपदाबाई : नाई कळलं. मी पाह्यलं ना बाई, चप्पल दारात अन् माणूस घरात. मांगल्या महिन्यात चुलीतला इंगळ पायाखाली आलता. मासाचा वास सुटला तवा मीच वरडली.

सारिका : आणि हे तू मला फोनवर सांगितलं नाहीस, आई.

धुरपदाबाई : सांगून काय व्हतं? तू जळगावले, तुहा भाऊ समाधान सुरतले. आखाजीले माहेरी येशीन तवा सांगू म्हटलं. आता आली, तर आल्या आल्या भांडू राह्यली.

सारिका : आखाजीला पोरी झोके घ्यायला माहेरी येतात. मी भांडायलाच आले आहे. आबा, धुळ्याचे डॉक्टर काय म्हणाले?

आबा : साखर शे म्हणे. पायन्या शिरा मरी गयात म्हणे. डॉक्टर काय, तो कोणालेबी तेच सांगस.

सारिका : आणि त्या पायानं तुम्ही आज संध्याकाळी बारा बैलगाड्या ओढणार. एकीला एक बांधलेल्या. वर माणसं लोंबकळलेली.

आबा : मी वढत नही. मरीमाय वढस. मी नुसता पुढे पयस.

सारिका : आणि पडलात तर? मागून अख्खं गाव ढकलत असतं. गाड्यांना काय ब्रेक असतो?

आबा : पडनू त धनसिंग शे. दोन्ही बाजूले दोन बगले ऱ्हातस, भगतले बगलमा धरी पयतस. डावी बगल धनसिंगनी. आम्हले मिशा फुटन्यात तवयपासून त्याना हात मना बगलमा शे. त्यानी माले कव्हय पडू दिधं नही.

सारिका : धनसिंगकाका तुमच्याच वयाचे आहेत.

आबा : मंग? मनाइतलाच धट्टाकट्टा शे.

सारिका : बसस्टँडवर हितेंद्र भेटला. तुमच्या पंच कमिटीचा नवा अध्यक्ष. फाट्यापासून देवळापर्यंत त्याचे फ्लेक्स आहेत, कोपऱ्यात तुमचा फोटो, तिकिटाएवढा. हसत हसत मला म्हणाला, ताई, पोलिसांनी पाचच गाड्यांची परवानगी दिली आहे, वर माणूस नको म्हणालेत. पण कागदावर पाच, मैदानात बारा. आबा आहेत ना.

आबा : बरोबर सांगं त्यानी.

सारिका : बरोबर? उद्या काही झालं तर तो कागद दाखवेल. तुम्ही काय दाखवाल?

आबा : पाच गाड्यासनी यात्रा व्हत नही. तेले फेरी म्हणतस. बारा म्हंजे बारा.

धुरपदाबाई : पाठ इकडे करा. बोलता बोलता हयद सुकू राह्यली.

सारिका : आई, तू तरी बोल ना.

धुरपदाबाई : मी काय बोलू? हयद लागलेल्या माणसाले मांगं वढत नाई. लागायच्या आधी बोलली व्हती. आठ दिस बोलली. तवा तू कुठं व्हती?

सारिका : लिहीत होते. माझा प्रबंध. आबा, तुम्हाला एक गोष्ट सांगते. वर्गात शिकवते ती. शेवटपर्यंत ऐका, मग काय ते ठरवा.

आबा : ऐकस. आते माले दुसरं कामच काय शे?

सारिका : आफ्रिकेतलं एक गाव. नदीच्या पलीकडे गवताचं रान, माणूस बुडेल एवढं. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या रानाला पहिली आग लावायचा मान एका घराचा. त्या माणसानं आग लावल्याशिवाय गावात कोणी चूल पेटवायची नाही, अशी रीत. मग तिथं गोऱ्यांचं राज्य येतं. साहेब सांगतो, हे रान आता सरकारचं. आग लावाल तर तुरुंगात टाकीन.

आबा : हां. साहेब लोके बठ्ठीकडे सारखाच.

सारिका : एक वर्ष आग लागत नाही. जुन्या गवतात गोचीड माजतात. गुरं पटापट मरतात. मग गाव त्याच्या दारात येऊन उभं राहतं. म्हणतं, तू लाव, आम्ही आहोत तुझ्या पाठीशी. तो तयार होतो. पण नेमका त्या दिवशी वारा फिरतो, गावाकडे वाहायला लागतो. त्याची बायको म्हणते, उद्या लाव. तो म्हणतो, दिवस आजचा आहे.

धुरपदाबाई : मंग?

सारिका : आग गावावर येते. त्याचीच कणग पहिल्यांदा पेटते. तो आत धावतो, तो बाहेर येतच नाही. दुसऱ्या दिवशी साहेब चौकशीला येतो, आणि जे जे पाठीशी होते ते सगळे एकजात सांगतात, आम्ही तर याला नकोच म्हणत होतो.

आबा : मर्द व्हता.

सारिका : आबा! मी त्याच्यासाठी नाही सांगितली ही गोष्ट!

आबा : गोष्ट सांगनारानं काम सांगानं. ऐकनारा त्याले पाहिजे ते लेस. तू त्याले तुना पुस्तकमा काय म्हणस?

सारिका : शोकनायक. माझे सर म्हणतात, असा माणूस लहान नसतो, मोठाच असतो. पण त्याच्या मोठेपणातच एक चूक दडलेली असते, ती त्याला खाते. ती चूक शोधून मांडा म्हणतात.

आबा : आन साहेबनी चूक?

सारिका : तीच आधी लिहिली. दुसऱ्याच्या रानात येऊन मालक व्हायचं, रीत कशासाठी आहे ते विचारायचं नाही, सरळ बंद करायची. पन्नास पानं साहेबावरच आहेत. पण परवा त्या माणसावर लिहायला बसले आणि पुढे सरकेनाच. वारा उलटा आहे हे त्याला दिसत होतं, आबा. दिसत असून लावली. मला सारखा तुमचा चेहरा दिसायला लागला. बॅग भरली, चोपड्याची बस धरली.

आबा : आम्हनाबी एक साहेब व्हता. ठावका शे ना तुले?

सारिका : तुमच्या पणजोबांची गोष्ट. आजीनं सांगितली होती.

आबा : आखो एकदाव ऐक. तवय गाड्या नव्हत्यात. भगतना पाठमा लोखंडना आकडासारखा गय टोचेत, आन त्याले उच्चा खांबले टांगी फिरवेत. रगत नही निंघे, आसं म्हणतस. घोडावर बशी साहेब उना. म्हणे, हाई जंगलीपणा शे, बंद करा. मना आजाना बाप म्हणे, नही करत. त्याले जेलमा टाकं. सुटी उना त गाव घाबरेल. कोणी खांबकडे देखाले तयार नही. मंग त्यानी काय करं? गय टोचू देतस नही ना? नका देऊ. बारा घरन्या बारा गाड्या आन्यात, एक मांगे एक बांध्यात, कमरले साखळी लावी आन वढ्यात. साहेबना कायदामा गाड्या वढानी बंदी नव्हती.

सारिका : तेच तर म्हणतेय मी! त्यांनी रीत बदलली, आबा. बदलली म्हणून टिकली. बारा गाड्या काही देवीनं सांगितलेल्या नाहीत, साहेबाच्या धाकातून काढलेली वाट आहे ती. मग तुम्ही का नाही बदलत? पाच ओढा. वर माणसं बसवू नका. पणजोबांनी केलं तेच करा.

आबा : त्यानी रीत भारी करी बदली. तू माले हलकी करी बदलाले सांगस.

धुरपदाबाई : घ्या. आता झालं हिचं बोलणं.

सारिका : नाही झालं. आबा, तुमच्या मागे हा मान घेणारं घरात कोण आहे? समाधान येणार नाही. त्यानं सुरतेत घर घेतलंय. पुढच्या वर्षी हितेंद्र गाड्यांना ट्रॅक्टर जोडेल आणि पुढे डीजे लावेल. कोणासाठी जीव घालवता?

आबा : म्हणीच.

सारिका : काय म्हणूनच?

आबा : शेवटना शे म्हणीच. शेवटना भगतनी पाच वढ्यात, आसं गाव सांगी. ते माले ऐकू येवाव नही, मी मरेल ऱ्हासू. पण सांगतीन त ते.

सारिका : गाव! गाव तुमच्या पाठीशी आहे असं वाटतं तुम्हाला?

आबा : माले गाववर भरवसा नही. माले धनसिंगवर शे.

धुरपदाबाई : ढोल वाजू राह्यला. तुमाले आणायले निघाले वाटते.

सारिका : ठीक आहे. मी ठाण्यात फोन करते. लपून नाही, तुमच्यासमोर करते. मैदानात बारा गाड्या आहेत, माणसं चढणार आहेत, येऊन थांबवा, असं सांगते.

धुरपदाबाई : सारिका! बापावर पोलीस घालशीन?

सारिका : बाप हवाय मला, म्हणून घालते.

आबा : करू दे तिले.

धुरपदाबाई : अहो, तुमी काय म्हणता हे!

आबा : करू दे. पोरी, तू तुनं कर. मी मनं करस. फोन लावाना आगोदर तेवढी साखळी माले उचली दे. आते माले वाकता येत नही, हयद फुटस.

सारिका : ...घ्या.

आबा : हां. आते लाव.

सारिका : हॅलो? ठाणं ना? मी उखर्डू भगतांची मुलगी बोलतेय. हो, मरीमायच्या यात्रेतून. तुम्ही पाच गाड्यांची परवानगी दिली होती...

(यात्रेनंतर काही दिवसांनी. धुळ्यातल्या एका दवाखान्यात, दुपारी.)

आबा : पोरी, बोटंसवर काय पडेल शे देख. अंगठाले आग लागनी शे नुसती.

सारिका : कुठल्या पायाच्या, आबा?

आबा : डावा.

सारिका : तिथं काही नाही, आबा. डॉक्टरांनी सांगितलं ना तुम्हाला.

आबा : ठावकं शे. पाय कापी लिधा त्यासनी. पण व्हता तवय कळे नही, आन आते नही शे त दुखस. हाऊ कोणता न्याव?

सारिका : नर्सला बोलावू?

आबा : नको. दुखू दे. तुनी माय कोठे गयी?

धुरपदाबाई : आली. खाली हवालदार बसेल हाये. जबाब घ्यायचा म्हणतो. डॉक्टर म्हणे, पेशंट बोलायले तयार असला तर जा. मी म्हटलं, इचारून येते.

आबा : बलाव.

धुरपदाबाई : आधी माहं ऐका. हितेंद्र आलता, पपई घेऊन. मले पायऱ्यांवर गाठलं त्यानं. म्हणे, धुरपदाकाकू, आबाले सांगजा, कमिटीनं पाचच बांधल्या व्हत्या. बाकीच्या गर्दीत कोणी जोडल्या ते कोणालेच माहीत नाई, एवढंच बोलायचं. अन् म्हणे, गाव आबाले काहीच बोलत नाई. गाव म्हणते, भगत चांगला धावत व्हता. पोरीनं पोलीस आणले, देवीच्या रस्त्यात जीप घातली, म्हणून इपरीत झालं.

सारिका : असं म्हणतात?

धुरपदाबाई : बाया बी म्हणू राह्यल्या. देवळापाशी मले कोणी कुंकू लावलं नाई.

सारिका : खरंच आहे ते.

धुरपदाबाई : काय खरं हाये?

सारिका : मी देवळाच्या पायरीवर उभी होते. सगळं दिसत होतं मला. अर्ध्या मैदानापर्यंत आबा छान आले. भंडारा उडत होता, धनसिंगकाका डाव्या बाजूला, तोंडानं सारखं काहीतरी बोलत होते.

आबा : ‘चाल रे भाऊ, चाल रे भाऊ.’ कायम तेच म्हणे.

सारिका : मग जीप आत आली. साहेब खाली उतरून दोन्ही हात वर करून थांबा थांबा म्हणत होता. पुढची माणसं बाजूला पळाली. मागच्यांना काही दिसलं नाही, ते ढकलतच राहिले. तेव्हा तुम्ही जीपकडे पाहिलंत, आबा. आणि मग मला पायरीवर शोधलंत. माझ्याकडे बघितलंत. आणि जोर वाढवलात. दोन पावलं गेला असाल, पाय वाकडा पडला. धनसिंगकाकांनी तुम्हाला उचलून बाहेर फेकलं. तुमचा फक्त पाय राहिला चाकांखाली. ते सगळेच राहिले.

आबा : पुरे.

सारिका : मी फोन केला नसता तर तुम्ही देवळापर्यंत पोहोचला असता. दरवर्षी पोहोचता तसे.

धुरपदाबाई : अन् पोलीस आले नसते, अन् हे पुढे जाऊन पडले असते, मंग? ते कोण सांगणार हाये?

सारिका : कोणीच नाही. तेच तर, आई. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. खाली जाते, वर येते, पुन्हा खाली जाते. काल गावी धनसिंगकाकांच्या घरी, भिकुबाई काकूंच्या दारापर्यंत गेले होते. कडीला हात लावला आणि परत फिरले.

धुरपदाबाई : मी गेलती. आत बसली.

आबा : काय म्हणे भिकुबाई?

धुरपदाबाई : भाकरी थापू राह्यली व्हती, दोघांच्या. मंग एक ताटात ठेवली, एक हातात धरून बसली. मी बी बसली. निघताना म्हणे, भाऊचा पाय कसा हाये?

आबा : मना पाय इचारा तिनी?

धुरपदाबाई : हाव.

आबा : ...समाधाननी माय, हवालदारले बलाव आते.

धुरपदाबाई : काय सांगणार तुमी त्याले?

आबा : जे व्हयनं ते. बारा गाड्या मीच मांग्यात. हितेंद्रनी बांधी दिध्यात, सांगीसवरी. कोणी चोरीन जोडेल नहीत. पाय सुन्न व्हता, माले डॉक्टरनी सांगेल व्हतं. घरमा बायकोनी सांगं, पोरनी सांगं. तरी गऊ.

सारिका : आणि जीप?

आबा : जीप मी देखीच नही.

सारिका : आबा.

आबा : देखीच नही.

सारिका : तुम्ही पाहिलीत. मला शोधलंत तुम्ही. माझ्यासाठी खोटं बोलू नका. गाव म्हणेल ते म्हणू दे, मी ऐकून घेईन. माझ्या वाट्याचं मला सोसू द्या.

आबा : तुनासाठे नही बोलत मी. ऐक. जीप देखी म्हणी पाय घसरना, आसं सांगं त धनसिंग जीपनामुये मरना व्हई. हितेंद्रबी सुटी, गावबी सुटी, मीबी सुटसू. धनसिंग मनामुये मरना. मना भरवसावर तो ती साखळीजोडे उभा ऱ्हायना. ते माले दुसरा कोणाले देवाव नही. तुलेबी नही.

सारिका : म्हणजे दोषसुद्धा एकट्याला हवा. हाही मानच झाला की, आबा.

आबा : व्हई.

सारिका : तुम्हाला राग नाही येत माझा?

आबा : येस. पहिले दिन भलता उना. शुद्धीवर उनू आन वाटनं, इनं तोंड देखाव नही. मंग वाटनं, साखळी तूच उचली दिधी व्हती. आसं सारखं चालू शे. इकडे येस, तिकडे जास. तुनासारखंच.

सारिका : माझ्या पुस्तकातला माणूस आगीत गेला तो गेलाच. तिथंच गोष्ट संपली. मी लिहिलं होतं, मरण हीच त्याची सुटका. आता ते पान वाचवत नाही.

आबा : माले मरता उनं नही. माले आते भिकुबाईना दारमा जानं शे, कुबड्या लीसन. तिनी ‘भाऊ, बैठ’ म्हणं त काय करू, तेच समजत नही. शिव्या दिध्यात त बरं व्हई.

धुरपदाबाई : ती शिव्या देणारी नाई.

आबा : तेच त.

सारिका : मी येईन तुमच्याबरोबर. एकटीला कडी काढता आली नाही मला.

आबा : ये.

धुरपदाबाई : तो वर येऊ राह्यला. बूट वाजले जिन्यावर. सारिका, तू बाहेर थांब व्हय, तुहं नाव निघीन उगाच.

सारिका : थांबते. आबा, उशी नीट करून जाऊ?

आबा : उशी राहू दे. तू बाहेर जाऊ नको.

सारिका : मी इथं असले तर तुम्हाला बोलता येईल?

आबा : तू फोन करेल व्हता, ते बरं करं का वाईट, ते माले आजूनबी समजत नही. तुले समजनं का?

सारिका : नाही, आबा.

आबा : मंग बैस. आठेच बैस.